रडीचा डाव आणि शिक्षेचे माप

मराठीत खेळातल्या लबाडीला एक घरगुती नाव आहे : रडीचा डाव. बाद झाल्यावरही ‘मी बाद नाहीच’ म्हणून पाय आपटणारा, किंवा राज्य आले की नेमकी घरची हाक ऐकू येणारा गडी रडी खातो, असे आपण म्हणत आलो. या शब्दप्रयोगाच्या मागे अंगणातली एक न्यायव्यवस्थाही उभी आहे. कोणी रडी खाल्ली की बाकीचे गडी दोनच गोष्टी करू शकतात. डाव मोडून पुन्हा मांडायचा, किंवा त्या गड्याला ‘रड्या’ ठरवून खेळ पुढे चालू ठेवायचा. पहिल्या उपायाने नुकसान भरून निघते, दुसऱ्याने नाव लागते. दंड, निलंबन, गुणांची वजाबाकी या गोष्टी अंगणाला ठाऊक नसतात.

व्यावसायिक फुटबॉलने मात्र शिक्षेचे मोठे शास्त्र उभारले आहे, आणि तरीही त्याच्या चाहत्यांमध्ये सर्वांत कडवट वाद होतात ते लबाडी आणि तिची योग्य शिक्षा या विषयावरच. हे वाद निव्वळ पोरकट असतात असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. साहित्याचे अध्यापन करणाऱ्याने ते कान देऊन ऐकावेत, कारण न्यायाविषयीच्या आपल्या कल्पना किती गोंधळलेल्या आहेत हे त्यांतून स्वच्छ दिसते.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. मी मराठीचा अध्यापक. ऑफसाइडचा नियमही मला विद्यार्थ्यांनीच समजावून सांगितलेला. 2 जुलै 2010 च्या रात्री पेठेतल्या एका तालमीत मांडलेल्या टीव्हीसमोर मी त्यांच्यासोबत बसलो होतो. जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या उपउपांत्य फेरीत उरुग्वे आणि घाना समोरासमोर होते. सामना आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाला आणि जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत 1–1 असा अडकून राहिला. तेवढ्यात घानाच्या अदियाहने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडणार, इतक्यात उरुग्वेच्या लुइस सुआरेझने तो दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. पंचांनी लाल कार्ड दाखवले, पेनल्टी दिली. असामोआ ग्यानने मारलेली ती पेनल्टी आडव्या खांबावर आदळली. मैदानाबाहेर पडत असलेला सुआरेझ तिथेच आनंदाने नाचला. पुढे पेनल्टींच्या फैरीत उरुग्वे 4–2 असा जिंकला. आफ्रिकेतला एकही संघ तोवर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता आणि घाना त्या दारातून परतला.

तालमीत पहाटेपर्यंत वाद झाला. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांची मते अशी होती. पहिला म्हणाला, “सर, यात लबाडी कुठे आली? त्याने हात लपवला नाही. नियमात जी शिक्षा आहे ती त्याने पूर्ण भोगली. पुढचा सामनाही त्याला खेळता येणार नाही. पेनल्टी ग्यानने चुकवली, सुआरेझने नाही.” दुसरा म्हणाला, “चोराने दंड भरला म्हणजे चोरलेली वस्तू त्याची होते का? घानाचा गोल होता. नियमाने त्यांना गोलाच्या जागी गोलाची फक्त संधी दिली.”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सुआरेझने पुढेही पहिल्यासारखाच युक्तिवाद केला. पेनल्टी चुकवणारा मी नव्हतो, मग माफी कशाची, असे तो 2022 मध्येसुद्धा म्हणाला. पण दुसऱ्याचे बोट नेमक्या जागी होते. शिक्षा गुन्ह्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा हलकी असली, की ती शिक्षा न राहता त्या गुन्ह्याची किंमत बनते, आणि किंमत परवडणारा माणूस ती मोजून मोकळा होतो. रग्बीच्या नियमकर्त्यांना हे उमगले आहे. तिथे नियमभंग करून निश्चित होणारा ‘ट्राय’ अडवला, तर पंच थेट ‘पेनल्टी ट्राय’ बहाल करतात. फुटबॉलने असा ‘दंडाचा गोल’ स्वीकारलेला नाही. चेंडू रेषेपलीकडे गेल्याशिवाय गोल नाही, या तत्त्वाला तो चिकटून राहिला आहे. तत्त्व म्हणून हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याचे मोल त्या रात्री एका पूर्ण खंडाने चुकवले.

इथे शब्दांचा विवेक आवश्यक आहे. फुटबॉलचे निम्मे सौंदर्य फसवण्यातच असते. डावीकडे झुकून उजवीकडून निसटणारा खेळाडू समोरच्याला फसवतोच, पण त्याला आपण चकवा म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. सुआरेझने केला तो उघड नियमभंग होता. लबाडी वेगळी. तिला अंधार लागतो, कोणी पाहत नसल्याची खात्री लागते. 22 जून 1986 रोजी मेक्सिकोत डिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल ही लबाडी होती. 18 नोव्हेंबर 2009 रोजी फ्रान्सच्या थिएरी हेन्रीने हाताने सावरलेल्या चेंडूवर विल्यम गालासने गोल केला आणि आयर्लंडचे विश्वचषकात जाण्याचे दार बंद झाले, ती लबाडी होती. दोन्ही वेळा जगाने पाहिले, फक्त पंचांनी पाहिले नाही.

आयर्लंडने त्यानंतर जी मागणी केली ती अगदी अंगणातली होती : डाव पुन्हा मांडा. सामना पुन्हा खेळवणे हाच न्याय्य मार्ग ठरेल, असे हेन्रीही म्हणाला. फिफाने नकार दिला. हेन्रीवर कारवाई करण्याला कायदेशीर आधार नाही, असेही जानेवारी 2010 मध्ये जाहीर झाले. मग 2015 मध्ये उघड झाले की आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने कायदेशीर दावा करू नये म्हणून फिफाने तिला 50 लाख युरो दिले होते. स्टेडियमच्या बांधकामासाठी कर्ज म्हणून दिलेली ही रक्कम पुढे माफ करण्यात आली होती. भरपाई झाली, पण गुपचूप. आयर्लंडच्या सामान्य चाहत्याला त्या पैशातून काय मिळाले? त्याचे म्हणणे खरे होते एवढे जाहीरपणे सांगितले गेले असते, तरी त्याचे अधिक समाधान झाले असते.

डाव पुन्हा मांडण्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. फेब्रुवारी 1999 मध्ये एफए कपच्या सामन्यात शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूवर उपचार व्हावेत म्हणून चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर मारला. अशा वेळी चेंडू प्रतिस्पर्ध्याला परत करायचा असतो. हा लिखित नियम नाही, रीत आहे. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूने परत दिला जात असलेला तो चेंडू धरून पुढे दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाने गोल वैध होता. सामना 2–1 असा संपला आणि आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी आपण होऊन सामना पुन्हा खेळण्याची तयारी दाखवली. दहा दिवसांनी तो पुन्हा झाला. निकाल तोच, 2–1. निकालात तसूभर फरक पडला नाही, तरी पहिल्या विजयाला चिकटलेला डाग दुसऱ्याला नाही. याचा अर्थ असा, की निकाल बदलण्यापलीकडचे काहीतरी न्यायाने साधायचे असते.

मैदानावरच्या लबाडीला निदान एक चेहरा असतो. मैदानाबाहेरच्या लबाडीत शिक्षेचा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात क्लब उभा केला जातो. क्लब म्हणजे कोण? मालक, व्यवस्थापक, खेळाडू, की पिढ्यानपिढ्या तिकीट काढून येणारा प्रेक्षक? इंग्लंडमधल्या ल्यूटन टाउन या क्लबची गोष्ट पाहा. आधीच्या व्यवस्थापनाच्या काळात दलालांना नियमबाह्य रकमा दिल्या गेल्या म्हणून 10, आणि दिवाळखोरीतून बाहेर पडताना लीगच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून 20, असे एकूण 30 गुण 2008–09 च्या हंगामात कापण्यात आले. तोवर मालक बदलले होते. नव्या खेळाडूंनी त्या हंगामात मैदानावर 56 गुण मिळवले. तक्त्यात उरले 26. संघ तळाला गेला आणि फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकला गेला. ज्यांनी रकमा दिल्या ते निघून गेले होते, आणि शिक्षा भोगायला उरले होते ते ज्यांना क्लब सोडून जाताच येत नाही असे लोक. क्लबला लीगमध्ये परतायला 2014 उजाडले.

यावर कोणी म्हणेल, क्लबला शिक्षा दिली नाही तर मालक बदलून प्रत्येक जण सुटेल. हा आक्षेप खोटा नाही. लबाडीचा लाभ क्लबच्या नावावर जमा होतो, तर तिची वजाबाकी त्याच नावातून व्हायला हवी. वजाबाकी कशाची व्हावी, एवढाच माझा प्रश्न आहे. लबाडीने मिळवलेले काढून घेणे एक, आणि उद्या प्रामाणिकपणे मिळवले जाईल त्यातून कापणे दुसरे. चाहत्यांच्या वादात या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. प्रीमियर लीगने फेब्रुवारी 2023 मध्ये मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप ठेवले. सिटीने ते नाकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे 10 गुण कापले गेले आणि अपिलानंतर ते 6 झाले. एव्हर्टनच्या चाहत्यांचा संताप शिक्षेच्या आकड्यावर जेवढा होता, त्याहून अधिक या दोन गतींवर होता. सर्वांना एकच माप नसेल तर शिक्षा कितीही योग्य असली तरी ती जुलूम वाटते, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

लाभ काढून घेण्याचे काम किती नीट आणि किती वाईट करता येते, याचा धडा इटलीच्या 2006 च्या प्रकरणात आहे. युव्हेंटसचे सरव्यवस्थापक लुचानो मोज्जी पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी दूरध्वनीवर संधान बांधून असल्याचे उघड झाले. क्लबची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली, त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले आणि अपिलांनंतर 9 गुण कापले गेले. त्यांतील 2004–05 चे विजेतेपद कोणालाच दिले नाही. नोंदीत ती जागा रिकामी आहे. 2005–06 चे मात्र तिसऱ्या क्रमांकावरच्या इंटरला दिले गेले. पुढे 2011 मध्ये इटालियन महासंघाच्या अभियोक्त्याने आपल्या अहवालात म्हटले की इंटरच्या तत्कालीन अध्यक्षांचे वर्तनही कारवाईला पात्र ठरले असते, पण मुदत उलटून गेली होती. ते अध्यक्ष 2006 मध्येच निवर्तले होते. झाले! युव्हेंटसच्या चाहत्यांना कायमचे कोलीत मिळाले. क्लबने 2012 मध्ये अधिकृत गणनेनुसार 28 वे विजेतेपद मिळवल्यावर आपल्या शर्टावर ‘मैदानावर 30’ अशा अर्थाचे शब्द छापले. दोनपैकी रिकाम्या ठेवलेल्या जागेबद्दल त्या मानाने कमी भांडण होते; भरलेल्या जागेबद्दल अजून होते. रिकामी जागा एवढेच सांगते, की इथे काय घडायला हवे होते हे आता कोणालाच कळणार नाही. भरलेली जागा ते कळल्याचा आव आणते.

फ्रान्सने 1993 मध्ये ही चूक केली नाही. त्या वर्षी 20 मे रोजी मार्सेयचा सामना वालांसिएनशी होता आणि सहाच दिवसांनी म्युनिकला युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीत मिलानशी. मार्सेयला लीगच्या सामन्यात दमायचे नव्हते, म्हणून वालांसिएनच्या तीन खेळाडूंना पैसे देऊ करण्यात आले. त्यांतल्या एकाच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेल्या नोटा पुढे सापडल्या. 1992–93 चे फ्रेंच विजेतेपद मार्सेयकडून काढून घेतले गेले आणि ते कोणालाही दिले नाही. क्लब पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत गेला, अध्यक्ष बेर्नार तापी तुरुंगात गेले. युरोपीय चषक मात्र मार्सेयकडेच राहिला.

ही बातमी फोडणारा खेळाडू होता झाक ग्लासमन. त्याने पैसे नाकारले आणि तोंड उघडले. त्याला 1995 मध्ये फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला खरा, पण त्याआधी मैदानोमैदानी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. यात मार्सेयचेच लोक होते असे नाही. खेळाचा आनंद नासवणारा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले. शिक्षेचे माप योग्य की अयोग्य यावर तावातावाने बोलणाऱ्या आपण सर्व चाहत्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे, की सर्वांत लांब चाललेली शिक्षा त्या प्रकरणात आपणच दिली, आणि ती चुकीच्या माणसाला दिली.

ग्लासमनची गोष्ट वाचताना मला माझा एक पर्यवेक्षणाचा दिवस आठवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पदवी परीक्षेत एका मुलाजवळ मला चिठ्ठी सापडली. घरची परिस्थिती मला ठाऊक होती. वर्ष गेले असते तर त्याचे शिक्षण थांबले असते. मी चिठ्ठी खिशात घातली, उत्तरपत्रिका त्याच्यापुढे परत ठेवली आणि कुठेही नोंद केली नाही. मला ती दया वाटली. मागच्या बाकावरच्या मुलीने हे सगळे पाहिले होते. ती काही बोलली नाही, खाली मान घालून लिहीत राहिली. त्या मुलाला शिक्षा झाली नाही याचे मला आजही वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की त्या मुलीच्या दृष्टीने त्या दिवशी काही घडलेच नाही असे मी ठरवून टाकले. शिक्षा हलकी करण्याचा अधिकार कदाचित मला होता. घडलेले पुसून टाकण्याचा नव्हता.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक निवाडा मला महाभारताच्या शल्यपर्वात सापडतो. भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध ही प्रेक्षकांसमोर झालेली झुंज आहे, आणि प्रेक्षकांत दोघांचाही गुरू बलराम बसलेला आहे. नाभीखाली वार करायचा नाही हा नियम. भीमाने मांडीवर गदा मारली. बलराम नांगर उचलून धावला. कृष्णाने त्याला आवरले आणि जे सांगितले ते तालमीतल्या कोणत्याही वादात शोभावे असे आहे : भीमाची प्रतिज्ञा होती, समोरच्यानेही पूर्वी कमी केलेले नाही. ‘सगळेच करत होते’ हा युव्हेंटसच्या चाहत्यांचा युक्तिवाद याहून फार वेगळा नाही. बलरामाने नांगर खाली ठेवला, पण युक्तिवाद मान्य केला नाही. भीम जगात ‘जिह्मयोधी’, म्हणजे वाकडेपणाने लढणारा, म्हणून ओळखला जाईल, एवढे बोलून तो द्वारकेला निघून गेला. राज्य पांडवांकडेच राहिले. डाव पुन्हा मांडला गेला नाही, कोणाचे काही कापले गेले नाही. पण जे घडले त्याला गुरूने सर्वांसमोर त्याचे नाव दिले, आणि व्यासांनी ते नाव ग्रंथात ठेवले. बलराम भीमाचा शत्रू नव्हता, म्हणून त्या शब्दाला वजन आहे.

म्हणून मला वाटते, शिक्षा किती असावी हा चाहत्यांचा आवडता प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की जे घडले ते जाहीरपणे, त्याच्या खऱ्या नावाने नोंदले गेले का? त्यानंतर लबाडीने मिळवलेले काढून घ्यावे, पण ते दुसऱ्याच्या झोळीत घालण्याची घाई करू नये. निर्णय घेणाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरावे, आणि प्रेक्षकांच्या उद्यावर शक्यतो हात टाकू नये. या तिन्ही कसोट्यांना उतरूनही शिक्षा कठोर असेल तर असो.

स्मरणाच्या या शिक्षेतही धोका आहे, हे नाकारता येत नाही. 2 डिसेंबर 2022 रोजी कतारमध्ये उरुग्वे आणि घाना पुन्हा भेटले. उरुग्वे 2–0 असा जिंकूनही दुसऱ्या सामन्याच्या निकालामुळे स्पर्धेबाहेर पडला. राखीव खेळाडूंच्या बाकावर सुआरेझ रडत होता आणि स्वतःचा संघ बाहेर पडलेला असतानाही घानाचे चाहते आनंदले होते. बारा वर्षे जपलेल्या आठवणीचा असा सूड होतो. पण मला वाटते, 2010 चा हिशोब नियमाने ‘चुकता’ म्हणून बंद केला होता, आणि दुखावलेल्यांच्या लेखी तो कधीच चुकता झालेला नव्हता. सूड त्या फटीतून उगवला.

तालमीतल्या त्या दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. पेठेत कुठे भेटले की ते मला पंच करू पाहतात. मी आता एवढेच विचारतो, की सुआरेझच्या अंगात घानाचा शर्ट असता तर तुम्ही दोघे कोणत्या बाजूला असता? दोघेही क्षणभर थांबतात. त्या थांबण्यात जेवढा न्याय असतो, तेवढा मला पुरेसा वाटतो.